साठ गुंठ्यांचा जेम्स रूस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

भाताची दाढ भाजून झाली, धूळपेरही परवा आटोपली. आता मृगाची वाट बघायची. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण मागच्या महिन्यात जमिनीचा विषय निघाला आणि मी बोलता बोलता फोन ठेवून दिला, ते मनाला लागून राहिलंय. तू वावगं काही बोलली नव्हतीस. "आई, तुझ्यानंतर शेती कोण करणार? विकून टाकू या," एवढंच म्हणालीस. मला उत्तर सुचलं नाही म्हणून राग आला. पुरतं उत्तर आजही सुचलेलं नाही. पण तेव्हापासून मी तुझ्या शेजारच्याच एका माणसाबद्दल वाचतेय, ते तुला सांगायचंय.

तुमच्या सिडनीतल्या हॅरिस पार्कला विग्रॅम स्ट्रीटवर डोसा खाऊन आपण रूस स्ट्रीटवरचं ते पडवीचं जुनं घर बघायला गेलो होतो, आठवतं? एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज. तू आतलं सामान दाखवत होतीस आणि मी बाहेरच्या जमिनीचा उतार बघत होते. घर डॉक्टर जॉन हॅरिसचं, १८३५ च्या सुमारास बांधलेलं. याच हॅरिसनं भारतातून चितळं नेऊन ऑस्ट्रेलियात पाळली होती. उपनगराला नाव मिळालं ते या नंतरच्या मालकाचं. ती माती पहिल्यांदा ज्यानं खणली तो जेम्स रूस. तिथे तो तेवढा त्या गल्लीच्या पाटीवर उरलाय.

हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा. १७८२ मध्ये घरफोडी करून चांदीची दोन घड्याळं चोरली म्हणून बॉडमिनच्या कोर्टानं फाशी सुनावली. ती बदलून सात वर्षांची हद्दपारी झाली, त्यातली बरीच वर्षं तुरुंग केलेल्या जुन्या जहाजावर गेली, आणि १७८८ च्या जानेवारीत कैदी घेऊन नवी वसाहत करायला निघालेल्या पहिल्या ताफ्यातून तो सिडनीला उतरला. तिथे उपासमार चाललेली. हजारभर माणसं, आणि त्यांत शेतीतलं कळणारी अगदी मोजकी. सगळ्यांचे डोळे विलायतेहून येणाऱ्या जहाजाकडे, आणि त्यातलं एक हिमनगावर आपटून मोडलेलं. (पुढे १७९२ मध्ये कलकत्त्याहून 'अटलांटिक' जहाज त्यांच्यासाठी धान्य घेऊन गेलं. त्यात काय होतं ठाऊक आहे? तांदूळ, सोजी आणि डाळ. विग्रॅम स्ट्रीटच्या आधी दोनशे वर्षं आपली डाळ तिथे पोचली होती.)

माझी शिक्षा संपली, मला जमीन द्या, मी शेतकरी आहे, असं रूस म्हणाला. शिक्षा संपल्याचा कागद तिथे कुणाकडेच नव्हता. तरी गव्हर्नर फिलिपनं १७८९ च्या नोव्हेंबरात त्याला दीड एकर तोडलेलं रान, एक झोपडी, थोडं बियाणं, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या दिल्या. एक माणूस स्वतःचं पोट कधी भरू लागतो, हे फिलिपला बघायचं होतं. म्हणून ते 'प्रयोगाचं शेत'.

वर्षभरानं वॉटकिन टेंच नावाचा अधिकारी शेत बघायला गेला आणि रूसनं सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं लिहून ठेवलं. सोनू, ते वाचताना मला आपल्या पाणंदीच्या बांधावर बसून कुणाशी बोलतेय असं झालं. तोडून पडलेली लाकडं जाळली, राख मातीत मिसळली, मग कुदळीनं खणलं. दिवसाला आठ, फार तर नऊ रॉड, जास्त नाही. मी हिशेब मांडला. चार रॉडचा एक गुंठा होतो, म्हणजे दिवसाला दोन-सव्वादोन गुंठे. नांगर नाही, बैल नाही. साठ गुंठे एकदा खणायलाच महिना. सरकारी शेतासारखं वरवर ओरखडलं नाही, नीट केलं, असं तो म्हणतो. ढेकळं फोडली, गवत मातीत गाडलं, जमीन उन्हावाऱ्यात तापू दिली आणि पेरणीच्या तोंडावर सगळी पुन्हा उलथली. पेंढा जाळायचा नाही, खड्ड्यात पुरून कुजवायचा, हेही ठरवून ठेवलेलं. जमीन कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, मध्यम, ना चांगली ना वाईट. खत मिळालं तर निभावेल, गुरांशिवाय नाही. आणि रात्री चोर पीक नेतात, त्याचा त्रास सगळ्यात मोठा. आपल्याकडे माकडं आणि डुकरं नेतात, एवढाच फरक.

मदतीला फक्त बायको. एलिझाबेथ पेरी, तीही कैदी म्हणूनच 'लेडी ज्युलियाना' जहाजातून आलेली. १७९० च्या ५ सप्टेंबरला त्यांचं लग्न झालं. टेंचकडे तो तिच्याबद्दल एवढंच बोलला की ती कष्टाळू आहे. माझ्या सासूबाई माझ्याबद्दल शेजारणीला नेमकं हेच सांगायच्या, आणि ते माझ्या कानावर आलं त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले होते.

पंधरा महिन्यांत रूसनं सरकारी शिधा बंद करा म्हणून कळवलं. १७९१ मध्ये तीस एकर जमीन त्याच्या नावावर झाली. त्या वसाहतीत माणसाला मिळालेली ती पहिली जमीन, म्हणजे तिथला पहिला सातबाराच म्हण.

इथवर वाचून मला फार आनंद झाला होता. कारण आपली जमीनही अशीच आली. तुझे आजोबा खोताचं कूळ. १ एप्रिल १९५७ ला कायद्यानं कूळ मालक मानलं गेलं. कसेल त्याची जमीन, हे वाक्य मी तुम्हां दोघांना घरात आणि बाकीच्यांना शाळेत शिकवलं. पण रूसला दिलेली जमीन फिलिपची कुठे होती? ती बुरामट्टागल लोकांची. पॅरामाटा हे त्या भागाचं नावच त्यांचं, वाम मासे मिळतात ती जागा. ते नांगरत नव्हते, मासे धरत होते, रानातले कंद काढत होते. म्हणून गोऱ्यांच्या लेखी ती जमीन कुणाचीच नव्हती. आधीच १७८९ मध्ये देवीच्या साथीत त्यांची माणसं पटापट मेली होती. पुढे १७९४ मध्ये रूस हॉक्सबरी नदीकाठी गेला, तिथे तर कंदांच्या जागीच मका आणि गहू उभा राहिला आणि माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. म्हणजे कसेल त्याची, हे माझं लाडकं वाक्य तिथे कुणाच्या तरी गळ्याला फास झालं. दोन रात्री मला हे सोसवेना. रूसचे कष्ट खोटे नव्हते आणि जमीन त्याची नव्हती, ही दोन्ही खरी आहेत. तुझ्या मुलाला सांगताना दोन्ही सांग. एक गाळून दुसरं सांगू नकोस.

एवढ्या कष्टाची ती जमीन त्यानं १७९३ मध्ये हॅरिसला चाळीस पौंडांना विकली! चार वर्षंही राखली नाही. हॉक्सबरीला कर्ज झालं, म्हातारपणी तो मिंटोला दुसऱ्याच्या शेतावर मुकादम होता. ५ सप्टेंबर १८३७ ला गेला, लग्नाच्याच तारखेला. कॅम्पबेलटाउनला त्याची कबर आहे. तिच्यावरचा दगड बराचसा त्यानं स्वतःच कोरला होता म्हणतात. त्याचा फोटो मी मोबाइलवर मोठा करकरून वाचला. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल पेनानं शुद्धलेखन तपासलंय मी. या दगडावर ओळीओळीला चुका आहेत. 'फर्स्ट'चं 'फोर्स्ट' झालंय, 'रेअर्ड'चं 'रिरेड'. एकही सुधारावीशी वाटली नाही. त्यात लिहिलंय: आईनं मला मायेनं वाढवलं, माझ्यासाठी फार कष्ट घेतले, आणि या वसाहतीत आल्यावर पहिलं धान्य मी पेरलं. जमिनीच्या मालकीचा त्यात शब्द नाही. तीस एकर मिळाली, विकली, कर्ज झालं, काही नाही. आई आणि धान्य.

म्हणून कळवते की विकायची की ठेवायची ते तू आणि दादा मिळून ठरवा. मी आड येणार नाही आणि फोनही ठेवणार नाही. फक्त माझे हातपाय चालताहेत तोवर लावणी होईल. आणि विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला वरच्या वाफ्यातला पाण्याचा मार्ग स्वतः उभी राहून दाखव. तो कागदावर कुठेच नाही.

तुझा लेक जेम्स रूस हायस्कूलच्या प्रवेशासाठी रात्री अकरापर्यंत जागून अभ्यास करत होता. निकाल काय लागायचा तो लागो, त्याला रागावू नकोस. तिथे दहावीपर्यंत शेती सक्तीची आहे आणि शाळेला स्वतःचं शेत आहे, हे कळलं तेव्हा मी देवाजवळ साखर ठेवली. तिथे गेला तर मला एवढं विचारून सांग म्हणावं, पेंढा ते जाळतात की कुजवतात? मी यंदा गोठ्यामागे खड्डा खणलाय. रूसचं ऐकून थोडा पेंढा त्यात घातलाय, वर शेण आणि पातेरा. बघू काय होतं ते.

जावईबापूंना आशीर्वाद. पोराला गोड पापा.

तुझी
आई