बटण बंद केल्यानं घड्याळ थांबत नाही

संपादक महोदय,

वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरणारे कॉम्प्युटर २००० साल लागताच '००'ला १९०० समजून गोंधळतील, या धास्तीनं ३१ डिसेंबरच्या रात्री घरचा कॉम्प्युटर बंद ठेवा, असा सल्ला आमच्या रामबागेत जो तो देतोय. त्यानं काय होणार? आतलं घड्याळ बॅटरीवर चालूच राहतं. त्यापेक्षा आधी फाइली फ्लॉपीवर उतरवाव्यात, मग तारीख ३१-१२-१९९९, वेळ २३:५८ लावून मशीन बंद करावं आणि पाच मिनिटांनी सुरू करावं. १९८० किंवा १९०० दिसलं, तर हातानं २००० लावून पाहावं. पुष्कळ जुन्या मशीनांचं एवढ्यावर भागतं. २९ फेब्रुवारी २०००ही तपासावी. ४००नं भाग जातो, म्हणून ते लीप वर्ष. शेवटी खरी तारीख परत लावावी.

हिच्या भिशीच्या हिशेबात मात्र वर्षाचे दोनच आकडे. तिथं तारखेनुसार यादी लावली की २०००चं '००' थेट '९९'च्या डोक्यावर, म्हणजे आधी, जाऊन बसतं. ते चार आकडी करणं चालू आहे. एका दुकानदारानं नवा मदरबोर्डच सुचवला. त्याला दुरूनच नमस्कार.

एक वाचक, रामबाग, इंदूर
डिसेंबर १९९९