लाइकचे पॅकेज आणि हळदीचे गिऱ्हाईक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीचा हंगाम जवळ आला की सांगलीत गणपती पेठेपासून विश्रामबागपर्यंत एजन्सीवाले दुकानादुकानांतून सोशल मीडियाची 'पॅकेजे' विकतात. महिन्याला वीस पोस्ट आणि हजार फॉलोअर, तेही गॅरंटीने. वर्ष संपल्यावर व्यापारी विचारतो, लाइक आले, गल्ल्यात काय आले? माल चोखच असतो. घोळ असतो तो पॅकेजात.

त्या वीस पोस्ट उघडून पाहा. निम्म्याहून अधिक जयंती, पुण्यतिथी आणि सणांच्या शुभेच्छा. कोपऱ्यात दुकानाचा लोगो, खाली मुंगीएवढ्या अक्षरात फोन नंबर. त्याच दिवशी तसाच बॅनर निम्म्या गावाने टाकलेला असतो, मग आपल्यावर बोट थांबणार कशाला? इन्स्टाग्रामने २०१६ पासून 'आधी आलेली पोस्ट आधी' हा क्रम सोडला. आता प्रत्येक माणसासाठी प्रत्येक पोस्टचा वेगळा अंदाज बांधला जातो: हा इथे थांबेल का, काही लिहील का, कुणाला पाठवेल का? फेसबुकने तर जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केले की मित्र आणि नातेवाईक आधी, धंद्याची पेजे नंतर. त्यामुळे फॉलोअर पाच हजार म्हणजे पोस्ट पाच हजारांना दिसली, हा हिशेब चुकीचा आहे.

विकत घेतलेल्या फॉलोअरनी तर उलट नुकसान होते. ती खाती कुठली कुठली असतात. त्यांना ना हळद घ्यायची, ना बेदाणा. ती पोस्टकडे ढुंकून बघत नाहीत, आणि ही पोस्ट कुणालाच नको आहे असाच निष्कर्ष निघत जातो. तपासणी सोपी आहे. खात्याच्या आकडेवारीत, म्हणजे इनसाइट्समध्ये, फॉलोअरची शहरे दिसतात. भडंगाच्या दुकानाच्या यादीत सांगली, मिरज, कोल्हापूर यांच्याऐवजी कधी न ऐकलेली शहरे वर असतील, तर पैसे कुठे गेले ते कळते. 'तीन मित्रांना टॅग करा, मोबाइल जिंका' हाही त्यातलाच प्रकार. असे लाइक आणि टॅग मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितले होते. आपल्याकडे उद्घाटनाच्या पोस्टमधून ते अजून जात नाही.

रील्सचे, म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या छोट्या व्हिडिओंचे, तेच. टिकटॉक जून २०२० मध्ये बंद झाले, पुढच्याच महिन्यात रील्स भारतात आले आणि अनोळखी गिऱ्हाइकापर्यंत फुकट पोचण्याची खरी वाट तीच झाली. पण दुकानाच्या रीलमध्ये पहिले पाच सेकंद लोगो गरगरतो, तोवर माणूस पुढे गेलेला असतो. पहिल्याच क्षणी हळकुंड कडकन मोडून आतला केशरी रंग दाखवा, लगेच किलोचा भाव आणि पार्सल कुठे जाते ते अक्षरात. चौकट उभी, १०८० बाय १९२०. खालची पट्टी मोकळी ठेवा, तिथे मजकूर आणि बटणे येतात. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेला व्हिडिओ इन्स्टाग्राम नव्या लोकांना सुचवत नाही. गाजलेले सिनेगीतही नको: धंद्याच्या खात्याला त्याची परवानगी नसते आणि एके दिवशी रील मुकी होते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे सांगणारी पोस्ट त्या विसांत शोधून सापडत नाही!

आता पैसे देऊन केलेली जाहिरात. पोस्टखालचे 'बूस्ट' बटण दाबून उद्देश लाइकवर ठेवला, तर यंत्रणा लाइक दाबायची सवय असलेली माणसे शोधून आणते. तिचे काही चुकत नाही, मागितले तेच देते. उद्देश व्हॉट्सॲप मेसेजचा ठेवा. भडंगासाठी सांगलीभोवतीचे पंधरा-वीस किलोमीटर पुरे. कुरिअरने जाणाऱ्या हळदीला पुणे-मुंबई घ्या. रोजच्या तीनशे रुपयांचे पाच तुकडे मुळीच करू नका. एका जाहिरात संचाला (एका बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) कोण प्रतिसाद देतो हे शिकून स्थिर व्हायला आठवड्यात साधारण पन्नास प्रतिसाद लागतात. पाच ठिकाणी पैसे वाटले की एकही शिकत नाही, आणि दर दोन दिवसांनी फोटो नाहीतर बजेट बदलत राहिले की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १८ टक्के जीएसटी वेगळा धरा.

फीडवर, म्हणजे कुणाला कुठली पोस्ट दिसते यावर, आपला ताबा नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा नंबर आपल्याकडे हवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. तेव्हा बिल देतानाच गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये आपला नंबर सेव्ह करून घ्या. गल्ल्यावरच्या पोराला एवढे शिकवले तरी पुष्कळ. गुगल मॅपवरच्या वेळा आणि फोटोही ताजे ठेवा.

आणि सही करण्याआधी एक बघा. पेज आणि जाहिरात खाते कुणाच्या नावावर उघडले जाते आहे? बऱ्याचदा ते एजन्सीच्याच नावावर असते. करार मोडला की जुन्या जाहिरातींची माहिती आणि पेजचा ताबा दोन्ही तिकडेच राहते. पूर्ण अधिकार मालकाच्या स्वतःच्या खात्यावर घ्यावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन मालकाच्याच मोबाइलवर चालू करावे आणि एजन्सीला फक्त पोस्ट व जाहिरातीपुरता प्रवेश द्यावा. याला जी एजन्सी नाही म्हणेल, तिचे पॅकेज घेऊ नये.

आपला,
एक वाचक, सांगली