कंट्रोलर उघडला की कळतं चूक कोणाची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका सरांचं पत्र आलं होतं, की अमेरिकेत व्हिडिओ गेमचा रिमोट बिघडला तरी लोक कोर्टात जातात, स्वतःची जबाबदारी म्हणून काही राहिलंच नाही, आणि हे खूळ आता आपल्याकडे पण येणार. मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळ रिपेअरिंगचं दुकान चालवतो, १३ वर्षं झाली, मोबाईल पण करतो पण जास्त काम कन्सोल (टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र) आणि कंट्रोलर (त्याचा हातात धरायचा रिमोट) ह्यांचंच, त्यामुळे ते पत्र वाचून गप्प बसवेना. सरांचं अर्धं म्हणणं मला पटतं. ते अर्धं कुठलं आणि उरलेलं का पटत नाही एवढंच सांगतो.

माझ्या टेबलावर रोज दोन-तीन कंट्रोलर येतातच. गिऱ्हाईक सगळे एकच सांगतात, "काही केलं नाही दादा, आपोआप बिघडला." चार स्क्रू काढले की खरं काय ते दिसतं. कधी बोर्डावर चहाचा चिकट थर असतो, कधी कोल्ड्रिंक सांडलेलं असतं, कधी पोराने हरल्यावर भिंतीवर आपटलेला असतो आणि आतले प्लास्टिकचे खांबच तुटलेले असतात. अशा वेळी मी आईबापांना स्पष्ट सांगतो, की कंपनीला नावं ठेवू नका, हे तुमच्या घरात झालंय. पण तेवढेच कंट्रोलर असेही येतात की आतून एकदम स्वच्छ, कुठे ओरखडा नाही, पाणी गेल्याची खूण नाही, आणि तरी कोणी हात न लावता गेममधला माणूस एकटाच डावीकडे चालत सुटतो. ह्याला ड्रिफ्ट म्हणतात. अंगठ्याने फिरवायची जी स्टिक असते तिच्या बाजूला पॉट असतात, म्हणजे कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावर घासत फिरणारं धातूचं बारीक बोट. स्टिक हलली की ते घासतं, घासून घासून कार्बन उडतो, त्याची भुकटी तिथेच पडते, आणि मग स्टिक मोकळी सोडली तरी रीडिंग मधलं येत नाही. हे पोराने काही चूक केली म्हणून होत नाही, तो खेळला म्हणून होतं, आणि वस्तू खेळायलाच घेतलेली असते.

आता अमेरिकेतल्या केसेस. सर ज्याला हसले तो किस्सा बहुतेक निन्टेंडो ह्या जपानी कंपनीच्या वी कन्सोलचा असणार. तो नोव्हेंबर २००६ मध्ये तिकडे आला, रिमोट हातात धरून खराखुरा हात फिरवायचा, टेनिस खेळायचं, बोलिंग करायचं. रिमोट सटकू नये म्हणून मनगटात अडकवायची दोरी दिलेली होती. महिन्याभरात लोकांचे रिमोट सुटून टीव्हीवर जाऊन आदळायला लागले आणि डिसेंबरमध्ये दोरी तकलादू आहे म्हणून क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकच दावा, वॉशिंग्टन राज्यात दाखल झाला. लोक हसले, रिमोट फेकता कशाला म्हणाले. बरोबर आहे, कंपनीने लिहिलंच होतं की दोरी घाला, हात कोरडे ठेवा, रिमोट सोडू नका. ज्याने घामेजल्या हाताने, दोरी न घालता रिमोट सोडला, त्याचा टीव्ही त्याच्या खात्यात, त्यात वादच नाही.

पण ज्याने दोरी घातली होती आणि ती तुटली त्याचं काय? दोरी दिलीच कशासाठी, तर हात सुटू शकतो हे कंपनीला आधीच माहीत होतं म्हणून. बोलिंगमध्ये हात मागे नेऊन पुढे झटका द्यायचा आणि बटण सोडायचं, अंगाला सवय खरा बॉल सोडायची, तिथे बोटं सैल पडणारच. त्या क्षणासाठी जी वस्तू ठेवली ती त्याच क्षणी तुटली तर ती चूक हात सुटणाऱ्याची कशी? आणि त्याच डिसेंबरमध्ये निन्टेंडोने ३२ लाख दोऱ्या फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. आधीची दोरी ०.६ मिलिमीटर जाड होती, नवीन १ मिलिमीटर केली. पुढच्या वर्षी रिमोटला घालायचं मऊ सिलिकॉनचं कव्हर पण फुकट दिलं. दोरी पुरेशी असती तर ती जाड केली नसती असं मला कारागीर म्हणून वाटतं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते कारण तिच्यात मुलांचे हात आहेत. १९९९ मध्ये त्यांच्या निन्टेंडो ६४ ह्या जुन्या कन्सोलवर मारिओ पार्टी नावाचा गेम आला, त्यातल्या काही छोट्या खेळांत स्टिक जमेल तेवढ्या वेगाने गोल फिरवायची असायची, जो जास्त वेगात फिरवेल तो जिंकला. अंगठ्याने तेवढा वेग येत नाही म्हणून पोरं तळहात स्टिकवर दाबून फिरवायची. तळहाताला फोड आले, कातडी सोलली. न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, एलियट स्पिट्झर यांच्या ऑफिसकडे ९० च्या आसपास तक्रारी आल्या आणि मार्च २००० मध्ये तडजोड झाली, की ज्यांच्याकडे गेम आहे त्या घराला हातमोजे द्यायचे, एका घरात चार पर्यंत, आणि राज्याच्या खर्चापोटी ७५,००० डॉलर भरायचे. ह्यावर पण तेव्हा लोक हसले. मला विचाराल तर दहा वर्षांच्या पोराला "हात दुखला तर थांब" हे सांगणं आईबापाचं काम आहे, मी माझ्या मुलीला सांगतोच. पण गेमच असा बनवायचा की जोरात फिरवल्याशिवाय जिंकता येत नाही, आणि मग जोरात फिरवलं म्हणून पोराला बोलायचं, हे मला मान्य नाही. २०२२ मध्ये तोच जुना गेम कंपनीने परत आणला तेव्हा सुरुवातीलाच सूचना टाकली, की तळहाताने स्टिक फिरवू नका. ती सूचना १९९९ ला पण टाकता आली असती.

आणि आता जॉय-कॉन, म्हणजे निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलचे दोन बाजूचे छोटे कंट्रोलर, जोडीची किंमत तेव्हा तिकडे ८० डॉलर होती. स्विच आला मार्च २०१७ ला, आणि ड्रिफ्टच्या तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २०१९ ला वॉशिंग्टन राज्यात क्लास ॲक्शन झाली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत कंपनीने हा बिघाड फुकट दुरुस्त करायला घेतल्याच्या बातम्या आल्या. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर त्रासाबद्दल माफी मागितली, पण दावा चालू आहे म्हणून पुढे बोलले नाहीत. युरोपात ग्राहक संघटनांनी मिळून जानेवारी २०२१ ला युरोपियन कमिशनकडे तक्रार केली, जवळपास २५,००० लोकांच्या तक्रारी जमवून, आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांचे कंट्रोलर पहिल्या दोन वर्षांतच बिघडलेले होते. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने तिकडे कबूल केलं की वॉरंटी संपली तरी ड्रिफ्ट फुकट दुरुस्त करू. मग एवढे सगळे लोक काय निष्काळजी होते? इतके वेगवेगळे लोक, वेगवेगळ्या देशांतले, सगळ्यांनी एकच जागा एकाच पद्धतीने बिघडवली असं होत नाही हो.

आणि ह्याला उपाय नव्हता असंही नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच स्टिकला चुंबक आणि हॉल सेन्सर होता, म्हणजे चुंबक किती हलला ते न शिवता ओळखणारा सेन्सर, त्यात काही घासतच नाही. माझ्याकडे पोरं हॉलवाल्या स्टिक बसवून घेऊन जातात आणि त्यातला कोणी ड्रिफ्टसाठी परत आल्याचं मला आठवत नाही. तरी जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये पण हॉल सेन्सर नाहीत, पॉटच आहेत. कंपनीची काही कारणं असतील, पण मग ते पॉट घासल्यावरचा खर्च खेळणाऱ्याच्या माथी नको.

सरांनी एक गोष्ट लिहिली नाही, ती म्हणजे तिकडे सामान्य माणसाला कोर्टात जाणं वाटतं तितकं सोपं नाहीये. कन्सोल चालू करताना जो लांबलचक करार आपण न वाचता "मान्य" करतो त्यात लिहिलेलं असतं की वाद झाला तर कोर्ट नाही, लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाचा निवाडा. जॉय-कॉनची ती केस मार्च २०२० मध्ये त्याच कलमामुळे लवादाकडे गेली. कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका दाव्यात वकिलांनी आईबापांच्या जागी मुलांना उभं केलं, की मुलांनी करार मान्य केलाच नव्हता, तर ते पण चाललं नाही कारण वस्तू आईबापांनी विकत घेतलेली. म्हणजे बिघाड पोराच्या हातात, करार बापाच्या नावावर. स्वतःच्या जबाबदारीबद्दल बोलायचं तर कंपनीने पण असं कलम घालून स्वतःची जबाबदारी झटकू नये.

इथे आपला कायदा मला जास्त शहाणा वाटतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला ग्राहक मंचाकडे जाता येतं. आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात दोन्ही बाजू आहेत. सदोष वस्तूमुळे इजा झाली किंवा दुसरं काही फुटलं, जसा तो टीव्ही, तर बनवणारा भरपाई द्यायला बांधील, डिझाईनच चुकीचं असेल तरी. पण कलम ८७ मध्ये हे पण आहे की वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल तर विकणाऱ्यावर असा दावा टिकत नाही, आणि जो धोका कुणालाही उघड दिसतो त्याची सूचना दिली नाही म्हणून कंपनीला धरता येत नाही. वस्तू स्वतःच बिघडली, म्हणजे ड्रिफ्ट आला, तर ती ह्या प्रकारात बसत नाही, त्याला साधी सदोष मालाची तक्रार करायची. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, फक्त दोन वर्षांच्या आत. आधी १९१५ ह्या सरकारी ग्राहक हेल्पलाईनला फोन करून बघावा, बऱ्याच वेळा तिथेच मिटतं.

फेरफारावरून आठवलं, माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो, वॉरंटी चालू असेल तर कंट्रोलर माझ्याकडे किंवा कोणाकडेच उघडायला देऊ नका. बिल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवून ठेवा. दुबईहून मामाने आणलेला किंवा लॅमिंग्टन रोडवरून इम्पोर्टेड घेतलेला माल असेल तर इथे वॉरंटी मिळेल का हे घेतानाच विचारा, नंतर ओरडून उपयोग नसतो. ही सगळी ग्राहकाची जबाबदारी, इथे मी पूर्ण सरांच्या बाजूने आहे.

पण जबाबदारी हा शब्द आला की साधा माणूस आधी स्वतःलाच दोष देतो, हे मी रोज बघतो. गेल्या उन्हाळ्यात पीएमपीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ नववीतल्या मुलाला घेऊन आले. पोराने दोन दिवाळ्यांचे पैसे साठवून कंट्रोलर घेतला होता, सात महिन्यांत ड्रिफ्ट. सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडता, वरवर बघून कागदावर "फिजिकल डॅमेज" लिहून परत दिला, आणि बापाने दुकानात माझ्यासमोर पोराला विचारलं, खरं सांग, आपटलास ना? पोरगा रडायचाच बाकी होता. मी म्हटलं साहेब थांबा, त्यांनी लिहून नकार दिलाय ना, मग आता उघडून बघू, तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढा. आत एक डाग नाही, एक खांब हललेला नाही, फक्त डाव्या स्टिकचा कार्बन मधोमध घासून पांढरा पडलेला. भिंगाखाली धरून बापाला दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत.

१९१५ ला तक्रार झाली, कंपनीकडून तेच उत्तर आलं, मग मी आणि त्यांनी बसून जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे, ऑनलाईन तक्रार भरली, कंट्रोलरची किंमत आणि झालेला त्रास, बाकी काही मागितलं नाही. तारीख अजून मिळायची आहे. तो पॉट एका छोट्या पिशवीत, बिलाची झेरॉक्स आणि व्हिडिओचा पेनड्राईव्ह सोबत माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. त्या सरांना कधी तपकीर गल्लीत यायला जमलं तर भिंगाखाली त्यांना पण दाखवीन.

आपला,
कंट्रोलर दुरुस्त करणारा एक वाचक
बुधवार पेठ, पुणे