आमच्या अँबॅसेडर इस्टेटच्या मेस्त्रींस जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात देताना तुम्ही मला बोलूच दिले नाही. "सावकाश जावा" एवढे म्हणून तुम्ही पुढच्या गाडीखाली शिरलात आणि जे म्हणायचे होते ते माझ्याकडेच राहिले. ते आज सर्वांसमक्ष लिहितो आहे, कारण तुम्ही केलेले काम चार लोकांना कळावे अशी माझी आणि आईची मनापासून इच्छा आहे.

वडिलांनी हौसेने घेतलेली ही अँबॅसेडर इस्टेट, म्हणजे मागे सामानाची लांब जागा असलेली अँबॅसेडर गाडी, मूळच्या 1,489 सीसी इंजिनावर आणि स्टिअरिंगजवळच्या चार गिअरच्या दांड्यावर वर्षानुवर्षे आम्हाला गगनबावड्याहून करूळ घाटाने आईच्या माहेरी घेऊन गेली. अलीकडे मात्र परतीच्या चढाला ती दमू लागली होती. म्हणून तिला अँबॅसेडरच्याच 1800 मॉडेलचे इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवावा, सोबत सस्पेन्शनही नव्याने करून घ्यावे, असे आम्ही ठरवले. हे काम आधी ज्यांच्याकडे दिले होते त्यांचे नाव घेत नाही. त्यांनी मागच्या कमानींत (मागचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत) जादा पाटे घालून गाडी चांगली चार बोटे उंच केली. साठच्या पुढे काटा गेला की पायाखालचा पत्रा घणघणायचा, आणि विचारायला गेलो तर "जुन्या गाडीला एवढे चालायचेच" असे उत्तर मिळाले. पैसे आधीच पूर्ण घेतलेले असल्यामुळे पुढे त्यांनी फोन उचलणेही सोडून दिले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सर्वांत वाईट गोष्ट ही की ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईला त्या गाडीत पाऊल टाकता येईना, आणि "आता मला घरीच राहू दे" असे ती म्हणू लागली.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारलात, "गाडीत बसतंय कोण?" आईबद्दल सांगितल्यावर तुम्ही तिला घेऊन यायला सांगितलेत. ती आली, तेव्हा तुम्ही पोराला खुर्ची पुसून आणायला लावली, तिला पाणी दिले, आणि मग दुकानाच्या खांबाशी उभे करून म्हणालात, "आई, जिना चढताना उचलता तेवढाच पाय उचला." तिने उचललेल्या पावलाच्या उंचीवर तुम्ही खांबाला खडूने रेघ ओढलीत. पुढे गाडीचा उंबरठा त्या रेघेवर येईपर्यंत तुम्ही मागचे पाटे पुन्हा पुन्हा उतरवून त्यांचा बाक कमी केलात, पुढचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसून पुढचा भार पेलणारे दांडे, त्या मानाने जुळवलेत आणि शेवटचे माप आईला मागच्या सीटवर बसवूनच घेतलेत. इंजिन, गिअरबॉक्स, सारे काही उत्तम झाले आहे. पण आमच्या घरात रोज बोलले जाते ते त्या खडूच्या रेघेबद्दल. गाडीत बसणाऱ्या माणसाच्या पायाचे माप घेणारा मेस्त्री मी दुसरा पाहिलेला नाही.

घणघणाटाचे कारणही तुम्ही मला जवळ बसवून, कागदावर काढून समजावलेत. गिअरबॉक्सचे मागचे टोक आणि मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शिअलचे तोंड यांचा कल एकमेकांना समांतर असला, तरच त्या दोघांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या, दोन्ही टोकांच्या क्रॉसमधला (वळत्या सांध्यांतला) वेगाचा चढउतार एकमेकांत जिरतो. आधीच्या लोकांनी गाडी मागून उचलली, नवा गिअरबॉक्स वेगळ्याच कलाने टांगला, आणि दोष मात्र गाडीच्या वयाला दिला. तुम्ही पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये उतरत्या जाडीच्या पाचरी घालून तो कल जुळवलात आणि शाफ्ट नव्याने बॅलन्स करून घेतलात. टॉर्शन बार उतरवण्याआधी त्यांच्या टोकांवर पंच मारून तुम्ही डावा-उजवा अशी खूण केलीत, कारण वर्षानुवर्षे एका दिशेने पीळ सोसलेला बार दुसऱ्या बाजूला लावायचा नसतो. ती बारीक खूण मी बोटाने चाचपून पाहिली. ब्रेक धड झाल्याशिवाय मोठ्या इंजिनाला हात लावायला तुम्ही तयार नव्हता, आणि आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय जुने इंजिन उतरवायलाही. तेव्हा मला घाई झाली होती. आज त्या दोन्ही नकारांबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्यांना तांबडा-पांढरा, कुस्ती आणि चपला आठवतात. शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथवर वाकलेल्या माणसांची तेवढी आठवण कोणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. त्यानंतरही या गाड्या रस्त्यावर आहेत त्या तुमच्यासारख्यांच्या भरवशावर. मिळत नाही तो बुश तुम्ही कातून घेता, शेजारच्या फाउंड्रीवाल्याला हक्काने हाक मारता, आणि तोही आपले काम बाजूला सारून येतो. शेजारधर्म आणि सचोटी आपल्या गावात अजून शिल्लक आहे हे मला तुमच्या दुकानात बसून दिसले, आणि आधीच्या अनुभवानंतर ते पाहण्याची मला फार गरज होती.

मागच्या रविवारी आई कुणाचाही हात न धरता गाडीत बसली. कळे, साळवण करत आम्ही गगनबावड्याला गेलो आणि करूळ घाट उतरून तिच्या भावाच्या दारात गाडी उभी केली. येताना चढावर तिसऱ्या गिअरवर गाडी निवांत येत होती आणि आई मागे झोपली होती. हजारेक किलोमीटर झाले की पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून न्यायला तुम्ही सांगितले आहे, त्याप्रमाणे येतोच. आईने तुमच्यासाठी कोकमे काढून ठेवली आहेत. ती स्वतः घेऊन येणार आहे.

आपला कृतज्ञ,
इस्टेटवाला