सूचना : आईच्या स्मरणपत्रिकेचा मजकूर

मंडळीतील सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ज्यांना आईची पत्रिका वाटायची आहे त्यांनी मजकूर आधीच्या रविवारपर्यंत द्यावा. ए-फोर कागदाची एक घडी म्हणजे चारच पाने. मुखपृष्ठावर फोटो, मागे गीत. मजकुराला मधली दोन, त्यात साधारण ३५० शब्द.

जन्म, बाप्तिस्मा आणि लग्नाच्या तारखा आठवणीवर लिहू नका. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर पाहा, नसल्यास चर्चच्या नोंदवहीत. माहेरचे नाव हमखास राहते, तेही लिहा. ‘प्रेमळ, सोशिक, प्रार्थनाशील’ हे तर प्रत्येक पत्रिकेत असते. त्याऐवजी ती पहाटे कोणते स्तोत्र वाचायची, नाताळच्या करंज्या कुणाकुणाकडे धाडायची, ते लिहा. बायबलमध्ये तिने पेन्सिलीने खूण केलेले वचन मिळाले तर तेच घ्या. नीतिसूत्रे ३१ मधले सद्गुणी स्त्रीचे वर्णन सगळेच घेतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर दाबला जाऊन छपाईत धूसर येतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फाँटमधली जोडाक्षरे छापखान्यात फुटतात.

शिवडीच्या दफनभूमीत जाणाऱ्यांनी मेणबत्ती थेट संगमरवरावर लावू नये, मेण मुरून तेलकट डाग राहतो. पणतीत वाळू घालून त्यात उभी करा. दगड साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. संडास धुण्याचे अ‍ॅसिड अजिबात नको, संगमरवराची झिलई जाते आणि कोरलेली अक्षरेही झिजतात.

— महिला मंडळ