ओटीपीच्या पलीकडचे प्रश्न वार्षिक सभेत विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीची बातमी आली की तिच्या शेवटी चौकटीत ठरलेला सल्ला असतो : ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला योग्यच आहे. पण पैसे गेले म्हणजे खातेदारानेच कुठेतरी तोंड उघडले असणार, असा समज त्यातून पक्का होत चालला आहे. आता तोंड उघडावेही लागत नाही. आरटीओचे चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) फोनमध्ये एकदा बसली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी परस्पर चोराकडे पोचतो.

मुळात ओटीपी हा या विषयाचा एक कोपरा आहे. माहिती सुरक्षित आहे असे म्हणायचे तर ती भलत्याच्या हाती पडता कामा नये (गोपनीयता), तिच्यात कुणी परस्पर फेरफार करता कामा नये (अखंडता) आणि गरज पडेल तेव्हा ती मिळाली पाहिजे (उपलब्धता). चौकटीतला सल्ला यांतल्या पहिलीपुरताच असतो. पुण्यात जबर दणका बसला तो दुसरी मोडल्यामुळे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे ७८ कोटी आणि भारतात रुपे कार्डांवर अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून (देशोदेशीच्या बँका एकमेकींना पैसे पाठवण्याचे संदेश हिच्यातून देतात) खोटे संदेश पाठवून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. खातेदारांकडून ओटीपी काढून घेण्याचा यात प्रश्नच नव्हता. एटीएममध्ये कार्ड घातले की विनंती बँकेच्या स्विचकडे, म्हणजे कार्डांच्या विनंत्या पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेकडे जाते, स्विच ती कोअर बँकिंगकडे (खात्यांच्या मूळ नोंदी असतात तिथे) पाठवतो, तिथे शिल्लक पाहून होकार किंवा नकार ठरतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. हल्लेखोरांनी मध्ये आपला बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांची विनंती कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नव्हती, होकार मधूनच सुटत होता. त्यामुळे खातेदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. खड्डा पडला तो बँकेच्या तिजोरीला.

अशा वेळी उपयोगी पडते ती एकच गोष्ट : स्विचने दिलेले होकार आणि खात्यांतून रक्कम वजा झाल्याच्या नोंदी यांचा मेळ सतत घालत राहणे. दुसऱ्या दिवशी ताळा करू म्हटले की उशीर झालेला असतो. ११ तारीख हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी आणि पुढे रविवार. तारीख उगाच निवडलेली नसते. सुट्टीच्या दिवशी इशारा कुणाच्या फोनवर जातो आणि त्याला यंत्रणा बंद करण्याचा अधिकार आहे का, हे प्रत्येक सहकारी बँकेत लेखी ठरलेले असायला हवे.

तिसरी, म्हणजे उपलब्धता, हरवल्याचे उदाहरण दिल्लीचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्स रुग्णालयाच्या पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाचे काम कागदावर आले. एका भागातला शिरकाव दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून नेटवर्कचे कप्पे पाडतात, ते नीट पाडलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितले.

आता आपल्या पतसंस्थांकडे वळू. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. तिथे लाभांशावर आणि नाश्त्यावर तासभर चर्चा होते. संगणकावरच्या ठेवींच्या नोंदींबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुढचे प्रश्न सभासदांनी जरूर विचारावेत.

पहिला बॅकअपचा. ‘रोज घेतो’ हे उत्तर पुरेसे नाही. बहुतेक ठिकाणी सर्व्हरला एक हार्ड डिस्क कायम जोडलेली असते आणि तिच्यावर रात्री प्रत उतरते. खंडणीखोर व्हायरस आत आला की तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. मूळ गेले, प्रतही गेली. म्हणून जुना नियम आजही लागू आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर. त्यात एवढीच भर घालावी की एक प्रत कामापुरती जोडून लगेच काढून ठेवलेली असावी. दुसरा घोटाळा याहून साधा असतो. डिस्क भरते, बॅकअप निम्म्यात थांबतो, पडद्यावर चूक झाल्याची सूचना येते आणि सकाळी पहिला येणारा कर्मचारी ती ‘ओके’ दाबून घालवतो. महिनोन्महिने प्रत नाही, हे कळते तेव्हा मूळही गेलेले असते. यावर उपाय एकच. दर तीन महिन्यांनी प्रत वेगळ्या संगणकावर उतरवून पाहायची, त्या तारखेची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) काढायची आणि ती फाइलमधल्या सही केलेल्या तेरजेशी पै-पैशाने जुळवायची. जुळली तर बॅकअप आहे. नाही तर नुसती डिस्क आहे.

दुसरा प्रश्न लॉगिनचा. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही रीत जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. पण व्यवस्थापक रजेवर गेले की त्यांचा पासवर्ड काउंटरवर चिठ्ठीने येतो आणि दोन्ही कामे एकाच हाताने होऊ लागतात. पुढे अपहार उघड झाला तर लॉगमध्ये (कुणी काय केले याच्या संगणकीय नोंदीत) व्यवस्थापकांचे नाव दिसते आणि ते तर त्या दिवशी गावी होते! रजेच्या काळात मंजुरीचा अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनला तारखेपुरता द्यावा. नोकरी सोडणाऱ्याचे लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद व्हावे. दरमहा पासवर्ड बदलण्याची सक्ती मात्र करू नये. तिच्यातून ‘गणपती@०८’ नंतर ‘गणपती@०९’ एवढेच निघते. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा लांब पासवर्ड आणि सोबत मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला कोड, हे जास्त टिकते.

तिसरा प्रश्न सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा. तो दुरुस्तीसाठी एनीडेस्कसारखे, दुरून संगणक चालवण्याचे साधन टाकतो आणि फोन न करता आत येता यावे म्हणून कायमचा पासवर्ड ठेवून देतो. हाच पासवर्ड त्याच्या सगळ्या ग्राहकांकडे असला, तर एका संस्थेतली गळती सगळ्यांची होते. काम असेल तेव्हाच जोडणी द्यावी, संस्थेचा माणूस समोर बसलेला असावा, काम झाल्यावर ते साधन बंद करावे. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, तेव्हा काउंटरवरची किती यंत्रे अजून त्यावर आहेत, हेही जाता जाता विचारून घ्यावे.

चौथा प्रश्न आधारच्या झेरॉक्सचा, आणि तो गृहनिर्माण संस्थांनाही लागू आहे. भाडेकरूचे पूर्ण आधार कार्ड समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कशासाठी टाकायचे? ते प्रत्येक सदस्याच्या फोनमध्ये उतरते आणि तिथेच राहते. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी पाठवलेली फाइलही अशीच डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये पडून असते. समोर उभे राहून ती पुसायला लावावी. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून आधारची झाकलेली प्रत मिळते, तिच्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बऱ्याच कामांना ती चालते. ई-आधारच्या पीडीएफला असलेल्या पासवर्डवर मात्र फार विसंबू नये. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो. ओळखीच्या कुणालाही तो जुळवता येईल.

शेवटचा प्रश्न : घडलेच तर पुढे काय? सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. घाबरून सर्व्हर फॉरमॅट करणारी संस्था तपासाचा मागच पुसून टाकते. आधी नेटवर्कची वायर काढावी आणि जाणकार येईपर्यंत यंत्राला हात लावू नये. पैसे वळवले गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.

हे प्रश्न सभेच्या आधी सचिवांकडे लेखी द्यावेत आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. बॅकअप उतरवून पाहिल्याची शेवटची तारीख कोणती, एवढे जरी अध्यक्षांना सांगता आले नाही, तरी पुढच्या वर्षी विषयपत्रिकेवर तो विषय ठेवायला सभासदांकडे आधार राहील.

आपला,
माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक, पुणे