मंत्री साहेब, ओढ्यातल्या बोटभर माशांसाठी एक पानाचा नियम काढा

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी खारघरला राहतो. घरात तीन फुटी टँक आहे आणि त्यात दुकानातून आणलेला एकही मासा नाही, सगळे इथलेच, माथेरानच्या डोंगरातून उतरून गाढी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यातले. ओढ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे कळेलच. सात डानिओ, चार मळ्ये आणि वाळूत तोंड खुपसून बसणारे दोन लोच. घरी कोणी आलं की डानिओंच्या अंगावरचे निळे पट्टे आणि मधल्या पिवळ्या रेषा बघून पहिला प्रश्न हाच, की हे कुठून इम्पोर्ट केले? मी सांगतो की इथून बाईकवर तासाभराच्या अंतरावर राहतात, तर कोणाला खरं वाटत नाही.

मला स्वतःला मळ्या जास्त आवडतो. पॉवरहेडची, म्हणजे टँकमध्ये पाणी जोरात फिरवणाऱ्या पंपाची धार जिथे सगळ्यात जोरात लागते नेमक्या त्याच दगडावर तो जाऊन बसतो, ओठाखाली चकती असते तिने चिकटतो आणि मी धार वाढवली की सुटायच्या ऐवजी अजून चपटा होतो, आणि त्याच अवस्थेत दगडावरचं शेवाळ खरवडत राहतो. मॉलमध्ये लोक पैसे देऊन पाय बुडवून बसतात ते डॉक्टर फिश याच्याच जातकुळीतले, फक्त ते पश्चिम आशियातले. आपल्या मळ्याला मात्र आपल्याच शाळेतली पोरं ओळखत नाहीत.

चार वर्षांत मी एकूण पंधरा मासे आणलेत. त्यातले दोन पहिल्याच मे महिन्यात गेले, दुपारी लाईट गेली, पंप बंद, फ्लॅटमधलं पाणी 32 डिग्रीवर गेलेलं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे वाचलेलं असूनही मी ऑफिसात होतो. ते दोघे अजून डोळ्यासमोर आहेत. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप कायम लावलेला असतो आणि टँकवर झाकण, कारण डानिओ उड्या मारतो. हे सांगायचं कारण म्हणजे आम्ही हौशी लोक मासा उचलतो तेव्हा काय उचलतोय याची जाणीव असलेले पण आहेत, आणि आम्हालाच नियम हवाय.

नियम विचारायला मी एका सरकारी ऑफिसात दोनदा गेलो. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, कर्नाळा अभयारण्य आहे, तिथल्या पाण्याला हात लावायचा नाही हे मला माहिती आहे आणि ते बरोबरच आहे. माझा प्रश्न त्याच्या बाहेरच्या ओढ्यांचा होता. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, खायला नेताय का, मग न्या की. म्हटलं खायला नाही, पाळायला. तर म्हणाले पाळायचं आमच्याकडे काही नाही. दुसऱ्या वेळी ते साहेब पण नव्हते.

आता खरा मुद्दा. तुम्हाला वलगण माहिती असणारच. पहिले मोठे पाऊस झाले की नदीतले, डोहातले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, ओढ्यात, शेतातल्या पाण्यात, पार टाचभर पाण्यातून सुद्धा. आगरी आणि कातकरी लोक पिढ्यानपिढ्या वलगणीचे मासे पकडतात, त्यावर बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांच्या ताटातलं कोणी काढू नये. पण मागच्या जुलैत मी त्या ओढ्यावर गेलो तर चार पोरं मच्छरदाणी शिवून केलेलं जाळं आडवं लावून उभी होती, बाजूला दोन निळे ड्रम, आत हवेचे बुडबुडे सोडणारे एअर स्टोन टाकलेले. मी वाकून बघितलं. डानिओ एकावर एक, शेकड्याने, आणि माद्यांची पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली, काहींची अंडी तिथेच ड्रमच्या तळाशी पडलेली. पोरं म्हणाली मुंबईच्या दुकानदाराची ऑर्डर आहे, नगावर पैसे मिळतात. त्यांच्यावर राग काढून काय करणार, ती जवळच्याच वाडीतली होती आणि त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. या पावसाळ्यात गेलो तर त्याच वळणावर अर्धा तास बसून मला मोजून नऊ डानिओ दिसले.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, माशाला वीण घालू द्यायची म्हणूनच ना? कोळी बांधव दोन महिने बोटी किनाऱ्याला लावून ती बंदी पाळतात. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलात, छान केलंत. मग ओढ्यातल्या बोटभर माशाची वीण कोणी बघायची? त्याला बाजारात भाव नाही म्हणून तो कोणाच्या मोजदादीत नाही, आणि ज्या दिवशी हौशी बाजारात भाव आला त्या दिवशी तो ड्रममध्ये गेला. केरळातल्या नद्यांमधल्या डेनिसन बार्बचं हेच झालं, लाल रेघेचा देखणा मासा, जगभरच्या टँकसाठी उपसला आणि आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत आहे.

म्हणून साहेब, मागणी एवढीच आहे की साध्या मराठीत एक पान काढा. पाळण्यासाठी आणि विकण्यासाठी वलगणीच्या दोन महिन्यांत ओढ्यातून एकही मासा उचलायचा नाही. एरवी हौशी माणसाने हातजाळीनेच पकडायचे, वर्षाला किती ते तुमच्या खात्यातल्या अभ्यासकांनी ठरवावं, पाच म्हणाले तर पाच, आणि ओढ्यातला मासा विकायचा नाही म्हणजे नाही. घरच्या टँकमध्ये राहिलेला मासा परत ओढ्यात सोडायचा नाही हे पण त्यात ठळक लिहा, परदेशी माशांबरोबर राहिलेला मासा कुठला रोग घेऊन जाईल सांगता येत नाही, आणि सकर, म्हणजे टँकची काच चाटून साफ करतो तो परदेशी मासा, तो तर लोक मोठा झाला की तलावात नेऊन टाकतात.

दुकानदारांना मासा लागणारच, तो पैदास करून द्या. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागे शोभेचे मासे वाढवायच्या युनिटला सबसिडी आहेच, सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. मग त्या वाडीतल्या बायकांना सिमेंटच्या टाकीत डानिओची पैदास शिकवली तर? डानिओ टाकीत अंडी देतो, माझ्याकडे दिलीत, आईबापांनीच खाल्ली म्हणून पिल्लं हाती आली नाहीत, दुसऱ्या वेळी तळाला गोट्या पसरल्या, अंडी खाली फटीत गेली आणि अकरा पिल्लं निघाली. एवढं सोपं आहे.

आणि एक, गप्पी. डास मारायला बंद हौदात, टाक्यांत सोडतात तोवर ठीक, पण आमच्या सेक्टरमागच्या वाहत्या ओढ्यात पण सोडलेत. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, इथल्या माशांची अंडी-पिल्लं खातो. डासांच्या अळ्या आपला किलीफिश पण खातो, तोच, डोक्यावर चमकता ठिपका असलेला. पालिकांना हे तुमच्या खात्याने सांगितलं तर ऐकतील, माझं नाही ऐकत.

पुढची वलगण जूनमध्ये लागेल. त्याच्या आत ते पान निघालं तर मी स्वतः झेरॉक्स काढून वाडीतल्या चहाच्या टपरीवर आणि इथल्या मासेविक्रीच्या दुकानांमध्ये लावून येईन, त्या चार पोरांना पण वाचून दाखवीन.

आपला,
खारघरचा एक रहिवासी